शाळा सुटली, वेळापत्रक घरी आलं

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. बुद्धी चांगली आहे, वाचन मात्र दुसरीतल्या मुलाइतकंच, असं अहवालात लिहिलंय. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे तो आल्यागेल्याला हातवारे करून समजावतो. पण पुस्तकात ‘चंद्र’ आला की ‘चदर’ वाचतो. शाळेत जाताना रोज रडारड व्हायची, म्हणून चार महिन्यांपूर्वी त्याला शाळेतून काढलं आणि मी नोकरी सोडली. आठ ते एक असं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, त्यात सगळे विषय आहेत. पण मराठीच्या तासाला पुस्तक भिरकावलं जातं. पाढे संध्याकाळी येतात आणि सकाळी जातात. परवा धाकट्या बहिणीने, ती सहा वर्षांची आहे, त्याच्यासमोर एक पान घडाघडा वाचलं, तर ‘मी ढच आहे’ म्हणून तो खोलीत जाऊन बसला. सासूबाई म्हणतात, लाडाने बिघडलाय. नवरा म्हणतो, मीही लहानपणी असाच होतो, झालं ना सगळं नीट? परत शाळेत घाल. माझं चुकलं का? आणि घरी शिकवायचं तर नक्की कसं? – एक थकलेली आई

उत्तर :

शाळेतून काढलंत ते चुकलं असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. रोज रडत जाणारं मूल वर्गात शिकत नसतं, तास संपायची वाट बघत असतं. पण भिंतीवरचं ते आठ ते एकचं वेळापत्रक आजच काढा. शाळेत त्याला जे जमत नव्हतं, तेच तुम्ही घरी मांडलंत. तिथे निदान चार मुलांच्या पाठीमागे लपता यायचं, इथे समोर आई बसलेली आहे आणि वर्गात विद्यार्थी एकच. घरी शिकवणं हा डिस्लेक्सियावरचा उपाय नव्हे. घरी मिळतो तो वेळ आणि मोकळीक. उपाय वेगळा आहे, त्याची ठरलेली पद्धत आहे आणि तो दिवसातून अर्धा तास करायचा असतो. पाच तास नाही.

मग उरलेल्या दिवसाचं काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी एक जुनी हकिगत सांगते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. पर्सी त्याचं नाव. चुणचुणीत, खेळात कुणाला हार न जाणारा, हिशेबात पक्का; पण स्वतःचं नावसुद्धा तो अक्षरं उलटीपालटी करून लिहायचा. त्याला बरीच वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय : सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या मास्तरांना जे दिसलं, ते तुमच्या पत्रातल्या चंद्राच्या वाक्यात आहे. वाचायला शिकणं हे एक काम आणि जग समजून घेणं हे दुसरं. शाळेत दुसरं काम पहिल्याच्या दारातूनच जातं, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही तो विज्ञानातही मागे, इतिहासातही मागे. घरी ही सक्ती नाही. दोन्ही कामं वेगळी करा आणि पहिलं होईपर्यंत दुसऱ्याला ताटकळत ठेवू नका.

म्हणजे असं, की विज्ञान, इतिहास, भूगोल, गोष्टी हे सगळं त्याच्या वयाचं, किंबहुना वयाच्या पुढचं, कानाने आणि हाताने येऊ द्या. तुम्ही वाचून दाखवा, ध्वनिपुस्तकं लावा, माहितीपट दाखवा, नकाशा जमिनीवर पसरून शोधू द्या. आणि परीक्षा तोंडी घ्या. चंद्र स्वतःभोवती एक फेरी मारायला जितका वेळ घेतो, तितक्याच वेळात पृथ्वीभोवतीही एक फेरी मारतो, साधारण सव्वासत्तावीस दिवसांत, हे ज्याला पटवून सांगता येतं त्याची खगोलाची परीक्षा झाली. त्याखाली पाच ओळींचं उत्तर लिहून घ्यायची गरज नाही. यात ‘सूट देणं’ वगैरे काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाची पुस्तकं देऊन सगळे विषय शिकवले, तर तीन वर्षांनी तो फक्त वाचनात नाही, माहितीत आणि शब्दसंग्रहातही मागे पडलेला असेल. ते नुकसान भरून काढणं वाचनापेक्षा अवघड.

आता तो अर्धा तास.

डिस्लेक्सियात गडबड मुख्यतः डोळ्यांची नसते, ध्वनींची असते. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे ऐकू येणं आणि त्या आवाजाची अक्षराशी गाठ बसणं, ही गोष्ट धाकटीला जवळजवळ न शिकवता जमली; तुमच्या लेकाला ती एकेक करून, उघडपणे आणि पुन्हापुन्हा शिकवावी लागेल. १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन हे मज्जाविकारतज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी यासाठी एक रीत बसवली. आज ‘ऑर्टन-गिलिंगहॅम’ म्हणून जी ओळखली जाते, तिचं सूत्र असं : सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जायचं, एका वेळी एकच नवी गोष्ट घ्यायची, ती बघत, म्हणत, बोटाने गिरवत शिकायची आणि मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. यातलं बोटाने गिरवणं किती उपयोगी यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. क्रम आणि उघड शिकवणं यावर फारसा नाही.

हे सगळं इंग्रजीसाठी घडलं, आपल्याला ते देवनागरीत बसवून घ्यायचंय. आपल्याकडे उच्चार आणि लिपी यांचं नातं इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ आहे हे खरं, पण अक्षरांचा पसारा मोठा. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला (तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला), त्यात एरवी काही अडचण नसलेल्या मुलांनाही सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथीच्या पुढेपर्यंत वेळ लागतो असं दिसलं. कन्नडची बांधणी आपल्यासारखीच आहे. तेव्हा दहाव्या वर्षी जोडाक्षरांत अडकणारं मूल हे काही जगावेगळं नाही.

‘चंद्र’चं ‘चदर’ होतं, या तुमच्या एका ओळीतून मला खूप काही कळलं. द त्याला दिसला, र दिसला, दोन्ही ओळखता आले. त्या दोघांच्या मधला अ गाळायचा, हे त्याला ठाऊक नाही. आणि डोक्यावरच्या टिंबाचा आवाज त्याच्याकडे नाही. म्हणजे चूक अंदाधुंद नाही, नेमकी आहे, आणि नेमक्या दोन गोष्टी शिकवायच्या आहेत. ‘नीट बघून वाच’ असं शंभर वेळा सांगून त्यातली एकही येणार नाही, कारण तो नीटच बघतोय. अनुस्वारासाठी जोड्या घ्या : रग–रंग, पथ–पंथ, वश–वंश. आधी फक्त तोंडी. तुम्ही एक शब्द म्हणा, त्याने कोणता ते ओळखायचं. मग चिठ्ठ्यांवर लिहून. मग तुम्ही सांगायचं आणि त्याने लिहायचं. जोडाक्षरं घेताना ज्यात दोन्ही अक्षरं उघड दिसतात तिथून सुरुवात करा, ‘रस्ता’, ‘म्हणून’, ‘पुन्हा’ असे शब्द. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांत मूळ अक्षरं ओळखूही येत नाहीत. ती शेवटी, नवी अक्षरं म्हणूनच शिकवा. र सगळ्यांत लबाड. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चंद्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये त्याचं रूप आणखी बदलतं आणि ‘तऱ्हा’मध्ये चौथंच सोंग घेतो. ही चार रूपं एकाच आठवड्यात दाखवाल तर चारही जातील. एक रूप पक्कं झालं की दुसरं.

पहिल्या वेलांटीकडेही बघा. ‘दिवस’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग द, तोंडाला मात्र आधी द आणि मग इ. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. अडखळणारं मूल इथे दर वेळी ठेचकाळतं. बाराखडीने हे सुटत नाही. कित्येक मुलं ‘क का कि की’ गाण्यासारखं म्हणतात आणि मधलाच ‘कु’ सुटा दाखवला की बोटं मोडत सुरुवातीपासून म्हणत त्याच्यापर्यंत जातात. तुमच्या लेकाला बाराखडी पाठ आहे म्हणून स्वरचिन्हं येतात असं धरू नका. चिठ्ठ्यांवर सुटी लिहा, पिसा आणि विचारा. सारखी दिसणारी अक्षरं, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरं आणा.

अर्ध्या तासाची घडण साधारण अशी ठेवा. पहिली पाच मिनिटं नुसता कानांचा खेळ, पाटी-पेन्सिल नाही. ‘कमळ’मधला म काढला तर काय उरलं? कळ. ‘पान’मध्ये प च्या जागी क घातला तर? कान. मग पाच मिनिटं जुन्या चिठ्ठ्या. त्यानंतर नवीन काय असेल ते एक, फक्त एक. मग त्या नव्या गोष्टीचे आठ-दहा शब्द वाचायचे, त्यातले चार-पाच ऐकून लिहायचे, लिहिताना तोंडाने आवाज म्हणत. शेवटी एक छोटा उतारा, ज्यातल्या दहापैकी नऊ शब्द त्याला येतात. तोच उतारा उद्या, परवा पुन्हा. पहिल्यांदा अडखळत, तिसऱ्यांदा सरसर, आणि तो फरक त्याचा त्याला ऐकू येतो. अर्ध्या तासाला तो टिकत नसेल तर पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करा. आठवड्यातून पाच दिवस पुरे, पण ते पाच दिवस खाडा नको. शनिवारी तीन तास बसून आठवडा भरून निघत नाही.

तो अडला की काय करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुस्तक भिरकावलं जातं त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय होतं, ते एकदा लक्ष देऊन बघा. बहुतेक घरांत असं होतं : मूल थांबतं, आई ‘बघ बरं, काल केलंय आपण’ म्हणते, मूल चित्राकडे बघून अंदाजाने काहीतरी ठोकून देतं, आई ‘नाही’ म्हणते, मूल दुसरा अंदाज करतं, आईचा आवाज चढतो. यातलं ‘काल केलंय’ हे तर पूर्ण बंद करा. काल केलेलं आज न आठवणं हाच त्याचा आजार... नाही, आजार म्हणू नये, हीच त्याची अडचण आहे. अडला की तीन-चार सेकंद थांबा, मग अडलेला आवाज तुम्हीच सांगा, त्याला शब्द पुरा करू द्या आणि वाक्य पहिल्यापासून वाचू द्या. अंदाज करायला कधीही सांगू नका. अंदाजाने वाचायची सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं. एकच शब्द रोज अडत असेल, तर तो शब्द अवघड नाही, त्याच्या आधीची पायरी कच्ची आहे. मागे जा.

आणि अर्धा तास झाला की थांबा, मजेत चाललं असलं तरी. दारं-खिडक्या मोजणाऱ्या मुलापेक्षा ‘आणखी एक’ म्हणणारं मूल उद्या लवकर येऊन बसतं.

एक वही करा. त्याची नव्हे, तुमची. तारीख, आज काय घेतलं, काय जमलं, कुठे अडलं, एवढ्या चार गोष्टी. पंधरा दिवसांतून एकदा त्याच पातळीचा, पण न वाचलेला उतारा देऊन एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजून लिहा. हा आकडा त्याला दाखवायचा की नाही ते त्याचा स्वभाव बघून ठरवा, पण तुम्हाला तो हवाच. कारण रोज जवळून बघणाऱ्याला प्रगती दिसत नाही आणि अधोगतीही दिसत नाही. दोन-अडीच महिने मन लावून करूनही आकडा हलला नाही, तर आणखी जोर लावू नका, विशेष शिक्षक शोधा. डिस्लेक्सियाच्या मुलांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, नुसती शिकवणी घेणारी नव्हे. पहिल्याच भेटीत विचारा की क्रम कोणता, नोंद कशी ठेवता. ‘मी मुलांना हसतखेळत शिकवते’ एवढंच उत्तर आलं तर पुढे बघा. खरं सांगायचं तर परवडत असेल आणि माणूस मिळत असेल, तर हा अर्धा तास दुसऱ्याकडेच द्यावा असं मला वाटतं. तुमच्या दोघांमध्ये आता या पुस्तकावरून इतकं काही साठलंय, की तुम्ही ते हातात घेतलंत तरी त्याचे खांदे वर जात असतील. त्या व्यक्तीकडे जाण्याआधी डोळे आणि कान तपासून घेतले आहेत ना, आणि अहवालात लक्ष टिकण्याविषयी काही लिहिलंय का, हेही बघा. डिस्लेक्सिया आणि एडीएचडी (लक्ष न टिकण्याची, स्वस्थ न बसवण्याची अडचण) पुष्कळदा जोडीने येतात आणि दुसऱ्याकडे लक्ष दिलं नाही तर पहिल्यावरची मेहनत गळून जाते.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. अक्षर वळवणं आणि विचार मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोष्ट त्याने सांगायची, तुम्ही टाइप करायची. किंवा फोनला बोलून लिहायला लावायचं, मराठीत ते आता बऱ्यापैकी चालतं. टायपिंग आत्तापासूनच शिकवा. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाला सध्या हात लावू नका, त्यात भल्याभल्यांची दांडी उडते. एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करायची, बाकीच्या दिसल्या तरी गप्प बसायचं. लाल पेन घरात नकोच.

पाढ्यांवर मात्र जरा रेंगाळते, कारण तिथे तुमचा वेळ सर्वांत जास्त वाया जातोय. पाढा पाठ होणं हे गणित नाही, ते शब्दांची ओळ लक्षात ठेवणं आहे, आणि तीच त्याची दुबळी बाजू. ‘संध्याकाळी येतात आणि सकाळी जातात’ ते त्यामुळे. पाठ करायचं ओझं कमी करा. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. सात चोक आणि चार सत्ते एकच, हे एकदा त्याने ठोकळे मांडून स्वतः पाहिलं की उरले पंचावन्न. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे त्याला बहुधा येतात. ते वगळले की उरले एकवीस. चारपट म्हणजे दुप्पटीची दुप्पट आणि नऊपट म्हणजे दहापटीतून एकपट वजा, या दोन युक्त्या आल्या की लक्षात ठेवायचे राहतात फक्त दहा : तीन, सहा, सात, आठ यांचे एकमेकांशी आणि स्वतःशी. दहा चिठ्ठ्या. आठवड्याला एक घेतली तरी अडीच महिन्यांत काम संपतं. तोवर उदाहरणं सोडवताना पाढ्यांचा तक्ता समोर असू दे. तक्ता बघून ज्याने ओळखलं की इथे भागाकार करायचा, त्याला गणित येतं. आणखी एक तपासा. तुम्ही ‘त्रेपन्न’ म्हटलंत की तो ३५ लिहितो का? आपल्या संख्यांच्या नावांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे यात घोळ होतो आणि बेरीज बरोबर करूनही उत्तर चुकतं. काही दिवस ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असं दोन्ही म्हणा.

आता कशावर पैसे घालवू नयेत ते. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, मेंदूचे दोन्ही भाग जोडणाऱ्या कसरती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय, की डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत नाही आणि रंगीत काचा किंवा दृष्टीच्या व्यायामांना पुराव्याचा आधार नाही. तसंच ‘तुमचा मुलगा दृश्य पद्धतीने शिकणारा आहे’ असं सांगून त्याप्रमाणे शिकवणीचा संच विकणारे भेटतील. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेवरचं संशोधन तपासलं आणि तिच्यावर शिकवणं आधारावं इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. मी वर कानाने शिकवा म्हटलं ते तो ‘कानाने शिकणारा’ आहे म्हणून नाही. त्याला अजून वाचता येत नाही म्हणून.

‘मी ढच आहे’ यावर ‘नाही रे, तू किती हुशार आहेस’ असं तुम्ही म्हटलं असणार. पटलं नसणार. त्याच्याकडे रोजचा पुरावा आहे आणि तुमच्याकडे नुसतं आईचं मत. त्याला निदान सांगितलंय का? पुष्कळ पालक मुलाला वाईट वाटेल म्हणून लपवतात, आणि मग मूल स्वतःच नाव शोधतं. त्याने शोधलेलं नाव तुम्ही ऐकलंतच. स्वच्छ सांगा : याला डिस्लेक्सिया म्हणतात, पुष्कळ जणांना असतो, त्यात आवाज आणि अक्षर यांची गाठ बसायला जास्त वेळा करावं लागतं, म्हणून आपण रोज अर्धा तास करतोय, आणि याचा तुझ्या समजण्याशी संबंध नाही. अहवालातलं जे जमतं त्याचं पान काढून त्याला वाचून दाखवा. अशा अहवालांत असं पान असतं, फक्त ते कुणी वाचत नाही.

धाकटी त्याच्या पुढे जाणार, आणि ते त्याला दिसणार. यावर पांघरूण घालता येणार नाही. तिच्या वाचनाचं कौतुक व्हायला हवं, तिचा काय दोष? पण तिचं वाचन त्याच्या अभ्यासाच्या वेळी, त्याच टेबलावर नको. आणि तिला त्याची मास्तरीण करू नका, कितीही गोड दिसलं तरी.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. गोष्ट सांगायला, जुन्या आठवणी सांगायला, त्याच्याकडून चंद्राचं ऐकायला. लाडाने बिघडलेलं मूल रोज अर्धा तास तेच अवघड काम पुन्हापुन्हा करत नाही, हे त्यांनी दोन आठवडे जवळ बसून पाहिलं तर तुम्हाला बोलावं लागणार नाही.

तुमच्या यजमानांचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. ‘मीही लहानपणी असाच होतो.’ डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो, हे आता पक्कं माहीत आहे. त्यांना एकदा, भांडणात नव्हे, निवांत विचारा, की शाळेत मोठ्याने वाचायची पाळी आली की काय करायचात? झालं सगळं नीट, हे ते म्हणतात ते खोटं नाही, पण ते होईपर्यंतची वर्षं कशी गेली हे त्यांनी मुलाला सांगितलं, तर माझ्या या सगळ्या सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि रात्री वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे द्या. स्वतः अडखळत वाचत असतील तर फारच उत्तम.

मित्रांची काळजी तुम्ही पत्रात केलेली नाही, पण मी करते. वर्गातली चाळीस मुलं म्हणजे मित्र नव्हेत, दोन पुरतात. पण ते दोन घरात बसून मिळत नाहीत. खेळ, पोहणं, तबला, चित्रं, काहीही, जिथे वाचावं लागत नाही आणि नेहमी तीच मुलं भेटतात अशा ठिकाणी त्याला आठवड्यातून दोन-तीनदा जाऊ द्या. शाळेतला एखादा मित्र असेल तर त्याला तुटू देऊ नका.

परत शाळेत घालायचं का, यावर तुमचं आणि यजमानांचं भांडण आत्ता मिटवायची गरज नाही. दर सहा महिन्यांनी दोघांनी बसून ठरवायचं. तुमच्या वहीतले आकडे, त्याची झोप, त्याची भूक, सकाळी उठताना पोटात दुखतं का, हे बघून. घरचं शिक्षण कायमचं असायलाच हवं असं नाही. वाचन जरा हाताशी आलं आणि समजून घेणारी शाळा मिळाली तर तो खुशाल जाऊ दे. तुम्हालाही नोकरी पुन्हा धरावीशी वाटली तर त्यात अपराध काही नाही. अर्धा तास सकाळीही होतो आणि संध्याकाळीही.

कागदांचं आजच बघा. तुम्ही राहता तिथे घरी शिकवण्याला काय नियम आहेत, नोंदणी लागते का, पुढे बाहेरून परीक्षेला बसता येतं का, हे शिक्षण खात्याकडून लेखी घ्या. ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, देशोदेशी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती या सवलती बहुतेक ठिकाणी मागता येतात, पण त्यासाठी अहवाल अलीकडचा लागतो आणि आधीपासून अडचण होती याचा पुरावाही विचारतात. तुमचा अहवाल दोन वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा फेरतपासणी केव्हा करायची ते ज्यांनी निदान केलं त्यांनाच विचारा. शाळेतल्या जुन्या वह्या, शिक्षकांचे शेरे, गुणपत्रकं रद्दीत टाकू नका, सगळं एका फायलीत लावा. आणि अहवाल कुणी मागितला तर झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत हातची सोडायची नाही.